मडी वॉटर्सची स्लाइड गिटार : १९४१ आणि १९४८ शेजारी ठेवून शिका

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सची गिटार शिकायची तर त्याच्या १९५४च्या शिकागो बँडपासून सुरुवात करू नका. हार्मोनिका, पियानो, ड्रमच्या गर्दीत गिटारवरचा हात कानाला सापडत नाही. ऑगस्ट १९४१मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर केलेलं ध्वनिमुद्रण आधी घ्या. त्यातलं ‘आय बीज ट्रबल्ड’ हे गाणं मडीने १९४८मध्ये ॲरिस्टोक्रॅट या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ या नावाने पुन्हा वाजवलं. मधल्या काळात तो शिकागोला आला आणि हातात इलेक्ट्रिक गिटार आली. त्याची शैली कशी घडली ते या जोडीतून जितकं स्वच्छ ऐकू येतं, तितकं दुसरीकडे कुठेच येत नाही.

आधी स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी. नाशिकमध्ये वाइनच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. उभ्या खांद्याची, सरळ मानेची बाटली निवडा. उतरत्या मानेची चालत नाही, कारण ती तारांवर सपाट बसत नाही. मानेभोवती कागदाची पट्टी गुंडाळून काच कापायच्या कटरने एकच सलग रेघ मारा. त्याच रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवला की तडा भलतीकडे पळतो. मग रेघेवर आळीपाळीने गरम आणि गार पाणी सोडा. तोंडाकडची जाड कडही अशीच काढा. सुमारे ६ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. कडा १२०, २२० आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर ओल्याच घासा, म्हणजे काचेची धूळ उडणार नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. काच नको असेल तर सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून आतून १८-२० मिलिमीटरचा स्टीलचा पाइप कापून, कडा मारून घ्या.

आता ओपन जी ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजेल अशी जुळणी. सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवा, बाकीच्या तीन तशाच ठेवा. जाड तारेकडून बारीक तारेकडे स्वर येतात प सा प सा ग प. षड्ज पाचव्या तारेवर आहे, हे अंगठ्याला पक्कं कळू द्या. रेकॉर्डसोबत वाजवताना ट्यूनरवर विसंबू नका. ती तबकडी नेमक्या जीला लागेलच असं नाही. मडीच्या खर्जाला पाचवी तार कानाने मिळवा आणि बाकीच्या तिला जुळवा.

स्लाइड करंगळीत घाला आणि फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, मागे नाही, बरोबर त्या धातूवर धरा. मागे राहिलात की स्वर उतरलेला येतो. दाब इतकाच की तार फ्रेटला टेकू नये. स्लाइडच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवा. ती उचलली की तारा किणकिणतात आणि सगळी मेहनत त्या आवाजात बुडते. पाचव्या फ्रेटवर आडवी स्लाइड म्हणजे म, सातव्यावर प.

खरी जागा तिसऱ्या तारेवर आहे. तिसऱ्या फ्रेटवर कोमल ग, चौथ्यावर शुद्ध ग, आणि ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये राहतो. खालून मींड घेत वर या आणि शुद्धाला पोचण्याआधी थांबा. इथे घाई केली की ब्लूज जाऊन नुसता मेजर कॉर्ड उरतो. अंगठ्याचा खर्जाच्या तारांवरचा ठेका चालू ठेवून हे जमेपर्यंत पुढे सरकू नका. गती पाऊणपट करून ऐकलं तरी चालेल.

मग १९४८ची रेकॉर्ड लावा. खर्ज आता बिग क्रॉफर्डचा बास सांभाळतो, त्यामुळे अंगठ्याचं बरंच काम सुटतं. ॲम्प्लिफायरमुळे स्वर टिकतो, म्हणून मडी कमी स्वर घेतो आणि ते लांबवतो. गळ्याची ओळ संपते तिथे गिटार उत्तर देते. एकच कडवं आधी १९४१सारखं, मग १९४८सारखं वाजवा. दुसऱ्या वेळी हात आवरणंच जड जातं.

उतरवलेल्या तारा सैल पडून फ्रेटवर घासत असतील तर १२-५३चा (जाड तारांचा) सेट चढवा आणि तारांची उंची थोडी वाढवून घ्या. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, कारण गंजलेल्या तारेवर स्लाइड खरखरते.