करारातल्या मंजुरीच्या अटी: सही करण्याआधी या चुका टाळा

करार वाचताना बहुतेकांची नजर रक्कम, मुदत आणि दंड या तीन ठिकाणी थांबते. ‘पूर्वमंजुरीने’, ‘लेखी संमतीनंतर’, ‘समाधानकारक वाटल्यास’ असे शब्द मात्र नजरेखालून निघून जातात. पुढे काम अडतं आणि बिल लटकतं ते बहुधा याच शब्दांपाशी.

‘मंजुरी’ नावाचं एकच कलम शोधणं

असं स्वतंत्र कलम बऱ्याच करारांत नसतंच. मंजुरीच्या अटी विखुरलेल्या असतात. थोडा भाग बिल अदा करण्याच्या कलमात सापडतो, थोडा उपठेकेदार नेमण्याच्या कलमात. काम किंवा हक्क तिसऱ्याकडे सोपवणं, माणसं बदलणं, नाव किंवा लोगो वापरणं, इथेही त्या असतात. व्याख्यांच्या पानावर तर हमखास डोकावून पाहा. ‘काम पूर्ण होणे म्हणजे ग्राहकाने लेखी स्वीकृती देणे’ अशी एखादी ओळ तिथे असली, की साऱ्या कराराचा अर्थ बदलतो. परिशिष्टं आणि ‘आमचे धोरण लागू राहील’ असं म्हणून नुसती जोडलेली कागदपत्रंही कराराचाच भाग ठरू शकतात, त्यामुळे ती मागवून घ्या.

फाइलमध्ये हे शब्द एकेक करून शोधा: मंजुरी, संमती, मान्यता, परवानगी, स्वीकृती, समाधानकारक, स्वेच्छाधिकार. करार इंग्रजीत असेल तर अप्रूव्हल, कन्सेंट, ॲक्सेप्टन्स, सॅटिस्फॅक्टरी, डिस्क्रिशन. स्कॅन केलेल्या प्रतीत शोध चालत नाही आणि ‘एकही जागा सापडली नाही’ असं खोटं समाधान मिळतं. त्यामुळे मूळ फाइल मागा, नाहीतर हाताने वाचा.

सापडलेल्या प्रत्येक जागेसाठी सहा रकाने भरा: मंजुरी कोण देणार, कशाला, कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, उत्तर आलं नाही तर काय, नकार आला तर काय. पहिले तीन रकाने सहसा भरतात. शेवटचे तीन रिकामे राहतात, आणि बोलणी करायची ती तिथेच.

करार लागू करणारी मंजुरी आणि कामातली मंजुरी यांची गल्लत

संचालक मंडळाचा ठराव, बँकेची संमती, सरकारी परवाना यांपैकी काही मिळाल्याशिवाय करार लागूच होणार नसेल, तर सही झाली तरी तुमच्या हातात पक्कं काही नसतं. अशा वेळी माल मागवणं किंवा माणसं कामावर घेणं म्हणजे स्वतःच्या जोखमीवर केलेला खर्च. विचारायचे प्रश्न मोजके आहेत. अर्ज कोण करणार? फी कोण भरणार? कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची? ती तारीख उलटली तर आगाऊ रक्कम परत मिळणार का?

सरकारी परवानगीबाबत करारात काहीच लिहिलं नसेल तर काय व्हावं, याचं एक उत्तर युनिड्रॉइट या, देशोदेशींच्या खासगी कायद्यांत एकसूत्रता आणू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, व्यापारी करारांच्या तत्त्वांत मिळतं (कलम ६.१.१४ ते ६.१.१७). ज्या देशाच्या कायद्याने परवानगी लागते, तिथे दोघांपैकी एकाचाच व्यवसाय असेल तर अर्ज त्याने करायचा. इतर वेळी, ज्याच्या कामासाठी परवानगी लागते त्याने. अर्ज विनाविलंब करायचा, खर्च सोसायचा आणि परवानगी मिळाली की नाकारली हे समोरच्याला कळवायचं. ही तत्त्वं आपोआप लागू होत नाहीत, पण मसुदा सुचवताना चांगला आधार देतात.

उत्तर न आल्यास काय, हे न ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नकार आला तर निदान पुढची चाल ठरवता येते. समोरचा गप्प बसला तर काम थांबतं, मुदतीचं घड्याळ मात्र चालूच राहतं.

गप्प राहणं म्हणजे होकार, असं गृहीत धरू नका. आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात (कलम १८) स्पष्ट म्हटलं आहे की मौन किंवा निष्क्रियता ही एवढ्यावरून स्वीकृती ठरत नाही. तो नियम प्रस्ताव स्वीकारण्याबद्दलचा आहे, पण मंजुरीच्या बाबतीतही सावध माणसाने त्याच बाजूला उभं राहावं. मौनाला अर्थ हवा असेल तर तो करारात लिहावा लागतो.

आता हिशेब करून पाहा. काम ९० दिवसांत पूर्ण करायचं आहे. आराखड्याचे तीन टप्पे आहेत, एक मंजूर झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. प्रत्येक तपासणीला ग्राहकाला १४ दिवस. प्रत्येक टप्पा एकदा दुरुस्तीसाठी परत आला, म्हणजे दोनदा तपासला गेला, तर तीन गुणिले दोन गुणिले १४, असे ८४ दिवस नुसते वाट पाहण्यात गेले. कामाला उरले सहा. कुणी वाईट वागलं नाही, प्रत्येक उत्तर वेळेत आलं, तरीही. हा गुणाकार सही करण्याआधी करायचा असतो. मोठ्या कामांत तपासणीची मुदत आणखी लांब असते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या डिझाइन-बिल्ड नमुना करारात, वेगळं काही ठरलं नसेल तर, एका तपासणीला २१ दिवसांपर्यंत मुदत आहे.

मागून घ्यावी अशी ओळ:

“कागदपत्र मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ग्राहक लेखी मंजुरी देईल, किंवा दुरुस्तीचे सर्व मुद्दे एकत्रितपणे, कारणांसह लेखी कळवेल. या मुदतीत दोन्हीपैकी काहीही न कळवल्यास कागदपत्र मंजूर झाले असे मानले जाईल.”

यात ‘सर्व मुद्दे एकत्रितपणे’ हे शब्द सोडू नका. ते नसतील तर पहिल्या फेरीत रंग, दुसऱ्या फेरीत माप, तिसऱ्या फेरीत पुन्हा रंग, असा खेळ चालतो.

समोरचा अशा मानीव मंजुरीला, म्हणजे उत्तर न आल्यास आपोआप धरल्या जाणाऱ्या मंजुरीला, तयार नसेल, तर दुसरी पायरी: जितके दिवस उशीर, तितके दिवस पूर्णत्वाच्या तारखेत वाढ, आणि त्या काळात रिकाम्या बसलेल्या माणसांचा व यंत्रांचा खर्च. यालाही नकार असेल तर ती जोखीम किमतीत धरा.

आणखी एक बारीक फट. मुदत ‘कागदपत्र मिळाल्यापासून’ मोजायची की ‘परिपूर्ण कागदपत्र मिळाल्यापासून’? दुसऱ्या शब्दरचनेत एखादं जोडपत्र राहिलं असं म्हणत घड्याळ पुन्हा शून्यावर नेता येतं. ‘अपुरेपणा तीन दिवसांत कळवावा, अन्यथा कागदपत्र परिपूर्ण समजावे’ अशी जोड द्या.

मंजुरी देणारे तुम्ही असाल तर चित्र उलटं. मानीव मंजुरी तुमच्यासाठी धोक्याची, कारण कुणी रजेवर असताना चुकीचा आराखडा आपोआप मंजूर होतो. मुदत संपल्यावर एक स्मरणपत्र आणि त्यानंतर आणखी काही दिवस, अशी अट घाला.

‘कंपनीची मंजुरी’ म्हणजे कुणाची, हे न विचारणं

रोज भेटणारा माणूस मान डोलावतो, तुम्ही काम करता, आणि बिलाच्या वेळी कळतं की त्याला अधिकारच नव्हता. कंपनीबाहेरच्या व्यक्तीने कंपनीतल्या अंतर्गत प्रक्रिया पार पडल्या असं मानायला हरकत नाही, हा नियम इंग्लंडमधल्या १८५६ च्या टर्क्वँड खटल्यातून आला. पण अधिकाराची मर्यादा करारातच छापलेली असेल आणि तुम्ही त्यावर सही केली असेल, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा फारशी उरत नाही. करारात पद लिहा, त्या पदावरचा माणूस नसेल तर पर्यायी पद लिहा, आणि किती रकमेपर्यंत कोण मंजुरी देऊ शकतो हेही लिहा. नुसतं व्यक्तीचं नाव लिहिलं तर तिने नोकरी सोडली की मंजुरी लटकते.

‘लेखी’ म्हणजे काय, तेही इथेच ठरवा. ईमेल चालेल का, कोणत्या पत्त्यावर, चॅटवरचा होकार धरायचा का. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रॉक ॲडव्हर्टायझिंग खटल्यात, बदल लेखीच हवेत असं करारात असेल तर तोंडी बदल सहसा टिकत नाही, अशी भूमिका घेतली. सगळीकडे कायदा असाच नाही, पण फोनवरच्या ‘करून टाका’वर विसंबून कामाची व्याप्ती वाढवणं कुठेच शहाणपणाचं नाही.

नकाराला कसोटी नसणं

‘ग्राहकाच्या संपूर्ण स्वेच्छाधिकारात’ आणि ‘वाजवी कारणाशिवाय नाकारली जाणार नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आवडलं नाही एवढं कारणही पुरू शकतं. दुसरी शब्दरचना मागताना ‘किंवा लांबवली जाणार नाही’ हेही जोडून घ्या. रचना, चव, शैली अशा बाबतींत वाजवी म्हणजे काय हे ठरवणं अवघड, म्हणून तिथे आधी मान्य केलेला नमुना किंवा मोजता येणारे निकष परिशिष्टात टाका.

मंजुरी मिळाली म्हणजे जबाबदारी सुटली, असं समजणं

सुटत नाही. फिडिकच्या १९९९ च्या नमुन्यातच म्हटलं आहे की अभियंत्याने मंजुरी दिली, तपासलं किंवा संमती दिली तरी ठेकेदाराची चुकांबद्दलची जबाबदारी कमी होत नाही. असं कलम तुमच्या करारात असेल तर मंजूर नकाशातली चूकही तुमच्याच खात्यावर.

सही आधीच झाली असेल तर

करार बदलता येत नसला तरी नोंदी करता येतात. प्रत्येक कागद पाठवताना ईमेलमध्ये चार गोष्टी लिहा: कलमाचा क्रमांक, काय पाठवलं, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं, आणि उशीर झाल्यास पुढचं कोणतं काम थांबेल. करारात मुदत नसेल तर वाजवी तारीख तुम्हीच सुचवा.

मुदतवाढीची नोटीस वेगळी असते, ती या ईमेलमध्ये येऊन जाते असं धरू नका. फिडिकच्या त्याच नमुन्यात दाव्याची नोटीस, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत द्यावी लागते, आणि ती हुकली तर जादा मुदत आणि जादा पैसे दोन्ही जातात. तुमच्या करारातला असा आकडा शोधून मंजुरीच्या तक्त्यात सातवा रकाना करा.

एकच मंजुरी वारंवार अडत असेल तर छोटा पुरवणी करार मांडा: फक्त मुदत, पर्यायी अधिकारी आणि उत्तर न आल्यास काय, एवढंच. किंमत आणि व्याप्तीला हात लावला नाही तर समोरच्यालाही सही करणं सोपं जातं.