जुन्या अमेरिकन गाडीचा कंपनी फिटेड एसी: काढून टाकण्याआधी हे बघा

नाशकात कोणी जुनी कॅडिलॅक किंवा लिंकन घेतली की मे महिन्यात प्रश्न येतोच, एसीचं काय करायचं. एसीवाल्याचं उत्तर पण ठरलेलं, "शेठ हे सगळं जुनं काढून टाकू, नवीन किट टाकतो, बर्फ पडेल बर्फ." किट बसतं, थंड पण होतं, नाही असं नाही. पण कंपनीने एसी टाकलेल्या गाडीला बऱ्याचदा रेडिएटर मोठा, फॅन जास्त पात्यांचा, वर फॅन क्लच (गरम झालं की फॅन जोरात फिरवणारा), आल्टरनेटर पण दमदार असं सगळं त्या हिशोबानेच दिलेलं असतं, आणि ६०-७० च्या दशकातल्या मोठ्या गाड्यांचा एसी नीट चालू असेल तर मागे बसलेला माणूस पण काच खाली करा म्हणत नाही. आणि गाडी ५० वर्षांपुढची असेल, व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर २०२१ च्या नियमात चॅसिस, बॉडी शेल, इंजिनात फेरफार चालत नाहीत, मग फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, बॉडीचाच भाग) ग्राइंडर लावायच्या आधी दहा वेळा विचार करा.

सगळ्यात आधी एसी खरंच कंपनीचा आहे का ते बघा. डॅशबोर्डच्या खाली वेगळी पेटी लटकत असेल तर तो बहुतेक डीलरने नाहीतर बाहेर कोणी बसवलेला. कंपनीच्या एसीचे व्हेंट डॅशमध्येच असतात आणि कंट्रोल हीटरच्याच पॅनलवर. फक्त ५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांना हे लागू नाही, १९५३ च्या कॅडिलॅकमध्ये युनिट डिकीत आहे आणि मागच्या काचेपाशी पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या छताकडे जातात, लोक ते बघून भलतंच काही समजतात. सगळं पुढे बॉनेटखाली आणि डॅशमध्ये आणलं ते १९५४ च्या नॅशने. त्याच्याही आधी पॅकार्डने १९४० च्या मॉडेलला २७४ डॉलर जादा घेऊन एसी दिला होता, पण कंप्रेसरला क्लचच नाही, थंडीत एसी नको असेल तर बॉनेट उघडून बेल्ट उतरवायचा! श्रीमंतांची गाडी आणि हे उद्योग.

मग कागद. फोर्ड, लिंकन १९६७ च्या पुढची असेल तर व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) देऊन अमेरिकेतून मार्टी रिपोर्ट मागवता येतो, त्यात गाडी कुठल्या ऑप्शनसकट कारखान्यातून निघाली ते येतं. क्रायस्लरच्या गाड्यांत फेंडर टॅग (बॉनेटखाली फेंडरवरची कोड ठोकलेली पट्टी) बघा, आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये कधीकधी कारखान्यातला ब्रॉडकास्ट शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) अडकलेला सापडतो, म्हणून सीट उसवायला देताना कारागिराला आधीच सांगून ठेवा की कागद दिसला तर फेकू नको. कॅडिलॅकला फायरवॉलवरची बॉडी प्लेट, बऱ्याच वर्षांच्या प्लेटवर ऑप्शनचे कोड ठोकलेले असतात. रंगवाला त्या प्लेटवर पण स्प्रे मारून मोकळा होतो, तिच्यावर आधी टेप लावा. डॅशवर डोळ्यासारखी फोटोसेलची पेटी असेल तर तीही ऑप्शनच आहे, ऑट्रॉनिक आय, समोरून गाडी आली की हेडलाइट आपोआप डिपर करणारी, १९५२ पासून. चालत नसली तरी काढू नका.

आता काम. जीएमच्या (जनरल मोटर्स, कॅडिलॅक त्यांचीच) गाडीत १९६२ पासून पुढे बहुतेक वेळा ए-६ कंप्रेसर मिळेल, लांबट डब्यासारखा, सहा सिलिंडरचा, उचलायला धोंड्यासारखा जड. क्लचचा पुढचा हब हाताने फिरवून बघा. फिरत असेल तर अर्धी लढाई जिंकली, जाम असेल तर बेल्टच्या जोरावर फिरवायचा प्रयत्न अजिबात करू नका. पुढच्या बाजूला बॉनेटच्या आतून तेलाचे शिंतोडे दिसले तर शाफ्ट सील गेलंय, ते बदलता येतं, कंप्रेसर भंगारात द्यायची गरज नाही.

गॅस मूळचा आर-१२. तो भारतात २०१० पासून बंद आहे, त्यामुळे आज कोणी "ओरिजिनल आर-१२ आहे माझ्याकडे" म्हणाला तर सिलिंडरमध्ये काय भरलंय ते देवालाच ठाऊक, एलपीजीसारखं पेट घेणारं मिश्रण पण असू शकतं. सरळ आर-१३४ए या नवीन गॅसवर जा. मिनरल ऑइल काढा, एस्टर किंवा पीएजी ऑइल टाका, ड्रायर (ओल शोषणारा डबा) नवीन, सगळ्या ओ-रिंग नवीन, होस बॅरिअरचे (आतून गॅस न झिरपणारा थर असलेले) करून घ्या. हायड्रॉलिक होस क्रिम्प करणारे अंबड-सातपूर एमआयडीसीत आहेत, जुनी फिटिंग घेऊन जा, पण होस एसीचाच लावायला सांगा. गॅस वजनावर भरायचा, मूळ आर-१२ च्या साधारण ८० ते ८५ टक्के. जुना एसीवाला साइट ग्लासमधले (गॅस दिसायची छोटी काच) बुडबुडे बघून भरत राहतो, १३४ए ला तो हिशोब चालत नाही, जास्त भरला जातो.

पीओए वॉल्व्ह असेल (६० च्या दशकाच्या मध्यापासून जीएमला) तर तो विसरू नका. कूलिंग कॉइलवर बर्फ साचू नये म्हणून तो कॉइलचं प्रेशर ३० पीएसआयच्या आसपास धरून ठेवतो, १३४ए ला तेवढाच गारवा मिळायला २६-२७ वर सेट करावा लागतो. हे न करता लोक म्हणतात नवीन गॅसला दमच नाही.

गॅस भरायच्या आधी पंपाने आतली हवा ओढताना, म्हणजे व्हॅक्युम मारताना एक गोष्ट. पुस्तकात २९ इंच लिहिलेलं असतं, आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास वर, इथे गेज साधारण २८ च्या पुढे जाणारच नाही. पंपाला शिव्या घालू नका. पंप बंद करून काटा अर्धा तास जागेवर राहिला तर मोठा लीक नाही.

आणि हवा व्हेंटमधून न येता पुढच्या काचेवर येत असेल तर गॅसचा काही संबंध नाही, व्हॅक्युमची नळी कुठेतरी फुटलीय. डॅशमधले हवा वळवणारे बहुतेक दरवाजे इंजिनच्या व्हॅक्युमवर हलतात. १९६४ पासून कॅडिलॅकला जो आपोआप तापमान सांभाळणारा कम्फर्ट कंट्रोल आला त्यात तर सेन्सर, अॅम्प्लिफायर, ट्रान्सड्युसर अशी साखळीच आहे, तिथे हात घालण्याआधी हातपंपाने एकेक नळी तपासा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

शेवटी टेस्ट दुपारी दोन वाजता नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये घ्या, हायवेवर सगळेच एसी थंड लागतात. गाडी उभी असताना हाय साइड (कंप्रेसरच्या पुढचं जास्तीचं प्रेशर) चढत राहिली तर फॅन क्लच आणि श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) बघा, तरी नाही जमलं तर मगच नव्या पद्धतीच्या पॅरलल फ्लो कंडेन्सरचा खर्च करा, मूळ कंडेन्सर मात्र घरात ठेवा. आणि डिसेंबरात पण आठवड्या-पंधरा दिवसांनी दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर सील सुकतं आणि गॅस पुन्हा हवेत.