चेहरा धुताना या चुका टाळा (आणि कृपा करून घासणं थांबवा)

पार्लरच्या खुर्चीत टेकता टेकता कुणी "माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे हं" म्हणालं, की फेशियलचं कार्ड पुढे करायच्या आधी मी विचारते, तोंड कशाने धुता आणि दिवसातून किती वेळा? बहुतेकदा घोळ तिथेच सापडतो. सीरम दोन-दोन असतात, टोनर असतो, रात्री झोपताना लावायचा कसला तरी मास्कही असतो, आणि चेहरा मात्र अंगाच्या साबणाने, गीझरच्या कढत पाण्याखाली, खसाखसा. वर्षानुवर्षं तेच तेच बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

करकर वाजेपर्यंत धुणं

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. घासलेल्या भांड्यावर बोट फिरवल्यावर जसा करकर आवाज येतो, तसा चेहऱ्यावरून आला म्हणजे तो स्वच्छ झाला, असं भल्या भल्या शिकलेल्या बायकांना वाटतं. "धुतल्यावर कसं छान ताणल्यासारखं वाटतं!" अहो, ते छान नाही. त्वचेच्या वरच्या थरात पेशी असतात आणि पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइड, कोलेस्टेरॉल असली स्निग्ध द्रव्यं असतात. आतलं पाणी आत राखायचं काम त्यांचं. कडक साबण मळ आणि तेल काढताना यातलंही थोडं उचलून नेतो. मग पाणी उडून जायला लागतं आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. धुतल्यावर चेहऱ्याला काहीच वाटता कामा नये. ना ताण, ना चिकटपणा, ना चुरचुर.

दुसरी बाब आम्लतेची. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी (7 च्या खाली आम्ल, वर अल्क). हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी टेबलाच्या खणात पीएचच्या पट्ट्या ठेवते. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. साबणाच्या फेसात बुडवली की पट्टी हिरवी-निळी होते, चांगल्या सौम्य फेसवॉशमध्ये पिवळसर-नारिंगीच राहते. लहान मुलांचा म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा, तो खरोखर साबण असेल तर, पट्टी निळीच करतो. हे बघून एका आजींनी माझ्यावरच संशय घेतला होता, की पट्टीतच काहीतरी गडबड आहे.

आता ती नवरीची गोष्ट. लग्न वैशाखात, मुलगी आयटीत, लग्नाला तीन आठवडे उरलेले. आईबरोबर प्री-ब्रायडल पॅकेज ठरवायला आली. दोन्ही गाल लालसर, ओठांच्या कडेला पापुद्रे, कपाळावर मात्र तेल आणि पुळ्या. सकाळी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, ऑफिसमधून आल्यावर पुन्हा तोच, झोपताना आणखी एकदा, शिवाय एक दिवसाआड आक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब. वर मॉइश्चरायझर? छे! "काकू, आधीच तेलकट आहे, त्यात क्रीम कशी लावू?"

तेल तयार करणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आत असतात आणि त्या हार्मोन्सचं ऐकतात, फेसवॉशचं नाही. वरचं तेल कितीही वेळा पुसा, कारखाना चालूच राहणार. पुळ्या अंगठ्याने रगडल्या तर त्या उलट जास्त चिडतात. मी पॅकेज घ्यायला नकार दिला. आई चक्क रागावली, "मग पार्लर कशाला उघडलंय?" शेवटी पोरीला एवढंच सांगितलं: सकाळी नुसतं साधं पाणी, रात्री बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, चेहरा ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. स्क्रब कचऱ्याच्या डब्यात. लग्नापर्यंत गालांची आग थांबली, पापुद्रे गेले. कपाळावरच्या पुळ्या सगळ्या गेल्या नाहीत, पण मेकअप नीट बसला. तेव्हा फेशियल केलं असतं, तर हळदीला तिने हळद लावूनच घेतली नसती, इतकी आग झाली असती.

दिवसातून दोनदा धुणं पुरे. घाम आला, जिम झाली, उन्हातून दुचाकीवर आलात, तर आणखी एकदा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्थाही हेच सांगते. कोरडी त्वचा असेल तर सकाळी नुसतं पाणी चालतं, मी स्वतः बारा महिने तेच करते.

ट्यूबमध्ये आहे म्हणजे सौम्य आहे, असं धरून चालणं

साबण सोडून फेसवॉश घेतला की प्रश्न मिटला, असं नाही. ट्यूब उलटी करून मागची यादी वाचा. पहिल्या पाच-सहा नावांत मायरिस्टिक अ‍ॅसिड, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही मंडळी एकत्र दिसली, तर तो साबणच आहे, फक्त पातळ करून ट्यूबमध्ये भरलेला. भरपूर दाट फेस येतो म्हणून लोकांना तोच आवडतो. वडीवर सोडियम पामेट लिहिलं असेल तर साबण, सोडियम कोकोईल आयसेथायोनेट आधी लिहिलं असेल तर ती सौम्य, साबण नसलेली वडी.

आणि ते टीएफएम! 76 टक्के टीएफएम म्हणजे ग्रेड वन, म्हणून तोच चेहऱ्याला चांगला, हे ज्ञान हल्ली सगळ्यांकडे आहे. टीएफएम म्हणजे वडीत स्निग्धाम्लांचा एकूण भाग किती. साबण म्हणून वडी दर्जेदार आहे एवढंच त्यावरून कळतं. पीएच त्याचाही चढाच.

उटणं रोज, आणि तेही कोरडं

उटण्याला मी नावं ठेवणार नाही. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा, वासानेच दिवाळी आल्यासारखं वाटतं. पण नरकचतुर्दशीला आपण काय करतो ते आठवा. आधी अंगाला तेल जिरवतो, मग उटणं. तेलावर लावलेलं उटणं घसरतं, ओरखडत नाही. हल्ली व्हिडिओ बघून मुली तेल गाळतात, उटण्यात लिंबू पिळतात, वाळून कडक होईपर्यंत थांबतात आणि मग खरवडून काढतात. रोज! हाच न्याय मुलतानी मातीला. सणावारी, आधी तेल लावून, जाडेभरडे कण चाळून घेऊन उटणं लावायला माझी ना नाही. रोज तोंड धुवायला ते नव्हे.

लिंबाचं तर नावच काढू नका. रसाचा पीएच 2 ते 3, वर लिंबू लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर चट्टे उठून काळे डाग राहू शकतात. खायचा सोडा त्याच्या उलट, अल्कधर्मी. "नैसर्गिक आहे" हे काही उत्तर नव्हे.

रात्री सनस्क्रीन तसंच ठेवून झोपणं

दिवसा सनस्क्रीन लावणाऱ्या वाढल्या, आनंद आहे. पण घामाला दाद न देणारं सनस्क्रीन नुसत्या पाण्याला तरी का दाद देईल? वॉटरप्रूफ काजळ आणि मॅट लिपस्टिकचंही तेच. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेल कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी फिरवायचं, थोडं पाणी घेऊन ते दुधाळ करायचं, धुवायचं, मग फेसवॉश. ज्या दिवशी घरीच होतात, काही लावलं नव्हतं, त्या दिवशी हे दोनदा धुण्याचं नाटक करायची गरज नाही. खोबरेल तेलाने मेकअप उत्तम निघतो, पण ज्यांना पुळ्या येतात त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मायसेलर वॉटर (कापसावर घेऊन मेकअप पुसायचं पाण्यासारखं क्लेन्झर) पुसून तसंच ठेवू नका, वरून पाणी मारा. आणि लोकलमध्ये वाइपने पुसलं म्हणजे तोंड धुतलं असं होत नाही.

गणपतीत पथकातली पोरं गुलालाने माखून येतात आणि तसाच साबण लावतात. आधी कोरड्या मऊ फडक्याने झटकून घ्या, तेल लावा, मग धुवा. रंग एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी जाईल. दगडाने घासू नका. (घासलेला आहे एकाने.)

एका ओळीच्या चुका

हात न धुता चेहरा धुणं.

गीझरचं कढत पाणी थेट तोंडावर. कोमट किंवा साधं पाणी घ्या.

फेसवॉश कोरड्या चेहऱ्यावर थापणं. आधी चेहरा ओला, हातात हरभऱ्याएवढा फेसवॉश, बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट, संपलं.

जबड्याखाली, कानशिलापाशी आणि केसांच्या कडेला फेस तसाच ठेवणं.

अख्ख्या घराचा एकच पंचा. वेगळा नॅपकिन ठेवा, टिपून घ्या, पुसू नका, आणि तो उन्हात वाळवा.

आधी चेहरा, मग शॅम्पू. उलट करा. कंडिशनर कपाळावरून ओघळतो.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचा (पुळ्यांसाठीचा) फेसवॉश नीट न धुता नवऱ्याच्या गडद टॉवेलला पुसणं. रंग उडतो, मग घरात भांडण.

प्रत्येक फेसवॉशने आग होत असेल तर

हे जरा सविस्तर सांगते, कारण यात खरं नुकसान होतं. एक बाई माझ्याकडे पिशवीभर फेसवॉश घेऊन आल्या. महागातले, स्वस्तातले, आयुर्वेदिक, सगळे. "कशानेही आग होते, तुम्हीच काहीतरी सुचवा." चेहरा लालबुंद, गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या, वरून लव वाढलेली. मी विचारलं, रात्री काय लावता? पर्समधून अर्धी पिळून संपलेली छोटी ट्यूब निघाली. शेजारणीने सांगितलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, "गोरं व्हायची क्रीम". मागे बारीक अक्षरात मोमेटासोन. म्हणजे स्टिरॉइड.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं नाव तुमच्या क्रीमवर असेल आणि डॉक्टरांनी दिलेलं नसेल, तर दोष फेसवॉशचा नाही. पहिले काही दिवस चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, ऊन सोसत नाही, पुळ्या येतात, आणि क्रीम सोडली की आणखी भडकते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ याबद्दल कधीपासून ओरडतायत. 2018 मध्ये केंद्र सरकारने असली बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. विक्री कशी चालते ते तुम्हीही बघता, मीही बघते. त्या बाईंना मी काहीही विकलं नाही, हातही लावला नाही, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अशी क्रीम मनानेच एकदम बंद करायची नसते, ती कशी सोडवायची हे डॉक्टर ठरवतात. मला नंतर कळलं, की सावरायला त्यांना कित्येक महिने लागले. पंधरा दिवसांत गोरं व्हायची घाई ही अशी महागात पडते, आणि तरी दर लग्नसराईत कुणीतरी तीच ट्यूब दाखवत विचारतंच, "ही कशी आहे हो?"

बाकी तक्रारी

कपाळावर बारीक बारीक पुरळ, बाकी चेहरा नितळ: डोक्याला तेल चोपडून झोपता का? तेल धुवायच्या आधी तासभर लावा, रात्रभर नको, आणि उशीचा अभ्रा बदला.

नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली आणि पिवळसर पापुद्रे, शिवाय डोक्यात कोंडा: हा नुसता कोरडेपणा नसतो. स्क्रब करू नका, डॉक्टरांना दाखवा.

नाकावरचे करडे ठिपके: पिळले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात, कारण ते सगळ्यांनाच असतात. आरशापासून दोन फूट लांब उभं राहा.

पाळीच्या आधी हनुवटीवर दुखणारे फोड: जगातल्या कुठल्याही फेसवॉशने जाणार नाहीत. पाळी अनियमित असेल तर आधी त्याची तपासणी.

राहिलं बोअरचं पाणी. नळाच्या तोंडावर पांढरे थर, बादलीला कड, असं असेल तर पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा भारतीय मानकाला मान्य आहे, टँकर आणि बोअरचं पाणी कित्येकदा त्याच्या खूप वर जातं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो, तो चेहऱ्यावर बसतो, आणि मग लोक "निघतच नाही" म्हणून आणखी साबण लावतात. इथे साबण नसलेला क्लेन्झर वापरला तर साका होत नाही. अगदीच जड पाणी असेल तर शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. मिनरल वॉटरच्या बाटल्या तोंडावर ओतायची गरज नाही, त्या पैशात चांगलं मॉइश्चरायझर येतं.