चेंडू पायात नसताना काय करायचं?

टर्फवर तयार झालेली मुलं अकरा जणांच्या फुटबॉल मैदानावर आली की पहिले काही दिवस एकच ओरडा चालू असतो, "दे ना, दे ना!" मुंबईत जाळीतल्या टर्फवर पाच-पाच जण, भाडं तासाचं, ऑफसाइडची (पास सुटताना चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असण्याची) भानगड नाही आणि पळायला जागाही नाही. मग पास पायातच मागायची सवय लागते. मी बरीच वर्षं स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला पुढे असणारा, होतो, गुडघा कुरकुरायला लागल्यावर सेंटर-बॅक, म्हणजे मागे मधोमध बचाव करणारा, झालो. दोन्हीकडून खेळल्यावर माझं मत असं झालंय की चेंडूशिवायचा खेळ म्हणजे नजरेची मारामारी आहे. बॅकला चेंडू आणि आपला माणूस (ज्याला रोखायचं तो), दोन्ही एकदम दिसायला हवेत. स्ट्रायकरने नेमकं तेच होऊ द्यायचं नाही.

म्हणून स्ट्रायकर असाल तर बॅकच्या समोर उभे राहू नका. त्याच्या पाठीकडच्या खांद्याआड राहा. तुम्हाला शोधायला त्याला मान वळवावी लागते आणि तेवढ्यात चेंडू नजरेतून सुटतो. निघायचं कधी, हा खरा प्रश्न. मिडफिल्डरकडे चेंडू आला रे आला की नवखे सुसाट सुटतात आणि ऑफसाइड होतात. त्याला चेंडू ताब्यात घेऊ द्या, मान वर करू द्या, मग निघा. ऑफसाइड ठरतो तो पास सुटतानाच्या जागेवरून, मिळतानाच्या नाही. 1990 पासून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलात तरी चालतं. आधी बॅकच्या लाइनला समांतर धावा आणि पास सुटताना आत वळा, म्हणजे वेगही मिळतो आणि लाइन्समनचा झेंडाही वर जात नाही. इटलीचा स्ट्रायकर फिलिपो इन्झागीकडे ना फार ड्रिब्लिंग होतं ना तोफेसारखा शॉट, तरी 2007 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध मिलानचे दोन्ही गोल त्याच्या नावावर लागले. दुसरा पाहाच. मिलानचा ब्राझिलियन मिडफिल्डर काका याचा पास यायच्या आधी तो काय करतोय, तेवढंच पाहा.

दोन पावलं चेंडूकडे येऊन एकदम मागे सुटणं हेही घोटून घ्या. बॅक त्या दोन पावलांना फसतो. आणि पास नाही आला म्हणून हात झटकत उभं राहायचं नाही. तुमच्यामागे सेंटर-बॅक ओढला गेला आणि त्या रिकाम्या जागेत विंगर (कडेने खेळणारा) घुसला, तर अर्धा गोल तुमचाच. (स्कोअरशीटवर नाव येत नाही, ते सोडा.)

बॅकसाठी हेच सगळं उलटं. चेंडूकडे पूर्ण तोंड करून उभे राहू नका. शरीर अर्धं वळलेलं ठेवा, माणूस आणि आपला गोल यांच्यामध्ये राहा, आणि चेंडू जितका लांब तितकं माणसापासून थोडं सुटं. पलीकडच्या विंगला चेंडू असताना माणसाला चिकटून काय उपयोग? त्यापेक्षा आत सरका. चार बॅकची लाइन वर-खाली कधी न्यायची ते पास देणाऱ्याकडे बघून ठरवा. तो मोकळा आहे आणि मान वर आहे, तर मागे सरका. त्याची पाठ आपल्याकडे आहे, किंवा त्याने चेंडू मागे दिला, तर "वर, वर!" म्हणून ओरडा आणि सगळे एकत्र पुढे या. चौघांतला एक जरी मागे रेंगाळला तरी समोरचे सगळे ऑनसाइड. प्रशिक्षक आरिगो साकीच्या मिलानमध्ये पुढच्या आणि मागच्या फळीत साधारण 25 मीटरच अंतर ठेवायचा प्रयत्न असे. आपल्याकडे उत्तरार्धात ते दुप्पट होतं आणि मधल्या दोन मिडफिल्डरचे हाल होतात.

मैदानही हिशेबात धरा. कूपरेजच्या कृत्रिम टर्फवर थ्रू पास (बॅकच्या मधून मागच्या जागेत सोडलेला) सरसर पुढे जातो. पावसात आझाद मैदानावर तोच डबक्यात थांबतो, मग फार पुढे गेलेल्या स्ट्रायकरला मागे फिरावं लागतं.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे यातलं निम्मं घरी दिसतच नाही. अंधेरीला मुंबई सिटीची मॅच असेल तेव्हा वरच्या बाजूचं तिकीट काढा आणि दहा मिनिटं एकाच खेळाडूवर नजर ठेवा. मी त्यांचा विंगर छांगते याच्यावर ठेवली होती. विंगवर तो बराच वेळ नुसता चालत असतो, बॅकने मान फिरवली की सुटतो.

आणखी एक, थ्रो-इनवर थेट ऑफसाइड नसतो. गोल-किक आणि कॉर्नरवरही नाही. लीगमधल्या कितीतरी बॅकना हे ऐन वेळी आठवत नाही. पुढच्या मॅचला त्यांच्या बॉक्सजवळ थ्रो मिळाला की सरळ शेवटच्या बॅकच्या मागे जाऊन उभे राहा. तो हात वर करून रेफ्रीकडे बघत बसेल, तोवर चेंडू घ्या.