गप्पीची पिल्लं आजारी वाटली, तर आधी बादलीचा वास घ्या

माझं शिलाई मशीन आणि गप्पी माशांच्या पिल्लांचे तीन टब एकाच खोलीत आहेत. शाळेचे युनिफॉर्म शिवताना मान वर केली की समोर पिल्लंच दिसतात. त्यामुळं एखादं जरा वेगळं पोहलं तरी लगेच कळतं. पहिली दोन वर्षं नुसतं कळायचं, आणि हात थेट औषधाच्या बाटलीकडं जायचा.

एका एप्रिलमध्ये चार दिवसांनी नळाला पाणी आलं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी घरात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, टाकी, पिंप, कळशा, पार पातेलीसुद्धा भरायची. त्या गडबडीत मी पिल्लांच्या टबातही नळाचं ताजं पाणी ओतलं. दुपारी पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागली. मला वाटलं रोग आला. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू घातलं, ते पण दुप्पट. सकाळी साठातली अकरा राहिली होती. बादली हुंगली तर ब्लीचिंगचा वास तसाच.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच: किती पिल्लं आणि किती वेळात? सगळी एकदम, दोन-चार तासांत बिघडली तर दोष पाण्याचा धरायचा. आज एक, उद्या दोन, परवा चार असं वाढत गेलं तर रोग.

पाण्याचा दोष दोन प्रकारचा. एक क्लोरीन. त्यासाठी पाणी उघड्या बादलीत, पंपाच्या नळीला लावलेला हवेचा दगड सोडून चोवीस तास मुरत ठेवा. घाई असेल तर मासेवाल्याकडं क्लोरीन मारायचे खडे मिळतात, जुने फोटोवाले त्यालाच हायपो म्हणायचे. दुसरा अमोनिया, आणि पिल्लांच्या टबात हाच जास्त मारतो. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, आपण माया करून जास्त टाकतो, उरलेलं तळाशी कुजतं. उकडलेल्या अंड्याचा बलक तर फारच वाईट. द्यायचाच तर खसखशीच्या दाण्याएवढा, आणि अर्ध्या तासात उरलेला नळीनं ओढून काढा. अमोनियानं कल्ले लालभडक दिसतात, पिल्लू एका जागी थरथरतं, शेपटीचा पंखा मिटून सुईसारखा होतो. पाणी जितकं गरम आणि खारट चवीच्या बोअरसारखं जड, अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणजे आपल्या मे महिन्यात दुप्पट सावध राहायचं. थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं किट घरात असू द्या. आकडा शून्यच यायला हवा. शून्य नसेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला, मुरवलेलं आणि त्याच तापमानाचं. दुसऱ्या दिवशी परत. त्या दिवशी खायला काही नाही. एक दिवसाच्या उपासानं गप्पीचं पिल्लू मरत नाही.

किट शून्य दाखवतंय आणि तरी पिल्लं जातायत, तर मग टॉर्च घ्या. खोलीतला दिवा बंद करून बाजूनं, तिरका उजेड मारा. समोरून मारलात तर काही दिसणार नाही.

रव्याच्या कणासारखे सुटे पांढरे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. आमच्याकडं तो गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसांत येतो, रात्री पाणी गार आणि दुपारी कोमट होतं तेव्हा. खडे मीठ वापरा. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या टबाला वीस ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडं थोडं ओता. दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. हीटर असेल तर तापमान हळूहळू तीसपर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तीन दिवसांत ठिपके गेले म्हणून थांबू नका. ठिपका अंगावरून गळतो, तळाशी बसतो, फुटून त्यातून शेकडो जंतू मासा शोधायला निघतात. मीठ त्यांना तेव्हाच गाठतं, अंगात शिरल्यावर नाही. दहा-बारा दिवस उपाय चालू ठेवा, तळ रोज ओढा.

ठिपके नाहीत, पण अंगावर सोनेरी धूळ उडाल्यासारखी दिसते? ही मखमल. पिल्लांत ही पांढऱ्या ठिपक्यांपेक्षा लवकर मारते, कधी धूळ दिसायच्या आधीच, कारण सुरुवात कल्ल्यांत होते. या जंतूला वनस्पतीसारखा उजेड लागतो. मी टबावर जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालते, एका बाजूनं हवेपुरती फट ठेवून. शिवाय पाण्यात मीठ. तांब्याचं औषध दुकानदार देईल, पण पिल्लांना ते झेपेलच असं नाही, आणि टबात गोगलगाय असेल तर ती नक्की गेली.

तिसऱ्यात मी स्वतः फसले आहे. तोंडाला कापूस लागल्यासारखं, किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा. बुरशी वाटते, पण असतो जिवाणू. याला उष्णता आवडते. ठिपक्यांची सवय म्हणून इथं तापमान वाढवलंत तर एका दिवसात टब रिकामा. उलट दोन अंश खाली आणा, पण सावकाश. टबाचं झाकण काढून टेबलफॅन पाण्यावर सोडा. आपली हवा इतकी कोरडी की कूलरसारखं काम होतं. पाणी भराभर आटेल, तेवढं मुरवलेलं साधं पाणी घाला. मीठ परत घालू नका, ते आटलेल्या पाण्याबरोबर उडून जात नाही. हे न कळल्यानं बऱ्याच जणांचा टब समुद्र होतो.

पाठ वाकडी असलेल्या पिल्लाला औषध नाही. एकाच घरातली जोडी पिढ्यान्‌पिढ्या लावली की असं होतं. बाहेरून नर आणा.

निळं औषध मी आता फक्त वेगळ्या बादलीत, बाटलीवर लिहिलंय तेवढंच वापरते. मुख्य टबात घातलं तर स्पंज फिल्टरमधले अमोनिया खाणारे चांगले जिवाणू मरतात आणि आठवड्यात परत अमोनिया.

मेलेली पिल्लं लगेच काढा, बाकीची ती खातात. कुंडीत पुरा. जगलेली जास्त झाली म्हणून सिद्धेश्वर तळ्यात नेऊन सोडू नका. जाळ्या दोन ठेवा. आजारी टबाच्या जाळीला मी मशीनचा लाल दोरा गुंडाळला आहे, वापरली की मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर दोरीला. उन्हाळ्यात दुसरा टब उरकेपर्यंत ती वाळलेली असते.