चार्जिंगचा जळालेला पार्ट मीटरच्या बझरने सापडत नाही

ठाण्यात पाऊस लागला की लोकलच्या दारात भिजलेले आणि घरी येऊन ओलेच चार्जिंगला लावलेले फोन दुकानात यायला लागतात, आणि कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, उडाली, बोर्ड बदला. आधी तपासा, मग काय ते बदला.

केबल, अडॅप्टर, पोर्ट बघून झालं असेलच. बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका. बॅटरीचा कनेक्टर काढल्याशिवाय मल्टिमीटर लावायचा नाही.

मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा व्हीबसवर, म्हणजे पोर्टमधून 5 व्होल्ट आत येतात ती लाइन. शून्याच्या जवळ रीडिंग आलं तर शॉर्ट, म्हणजे लाइन थेट ग्राउंडला जोडली गेली. जास्त व्होल्टेज अडवणाऱ्या ओव्हीपी आयसीच्या पलीकडेही हेच करा.

आता खरी अडचण, मला शिकताना इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. एका लाइनवरचे सगळे कपॅसिटर पॅरललमध्ये असतात, त्यामुळे एक शॉर्ट झाला की सगळ्यांवर बझर वाजतो, आणि लोक व्हिडिओ बघून एकेक उपटत सुटतात, ब्लोअरने शेजारची चांगली आयसी पण भाजून ठेवतात. हे अजिबात करू नका. डीसी सप्लाय 1 व्होल्टवर ठेवा, करंट लिमिट 1 अँपिअर, लाल वायर शॉर्ट लाइनवर, काळी ग्राउंडला. बोर्डवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पसरवा किंवा रोझिनचा, म्हणजे सोल्डरिंगच्या राळेचा, धूर धरा. जिथे आयपीए सगळ्यात आधी सुकेल किंवा रोझिनचा पांढरा थर वितळून काळा ठिपका दिसेल, तो तुमचा पार्ट. नाहीच दिसलं तर करंट हळूहळू वाढवा, पण व्होल्टेज त्या लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या वर कधीच नाही. बोट लावून शोधू नका, चटका बसतो. आणि शॉर्ट ओव्हीपीच्या पुढे असेल तर सप्लाय पण पुढेच द्या, पोर्टकडून दिलात तर करंट तिथपर्यंत पोचेलच असं नाही.

आयसी गरम झाली म्हणून लगेच काढू नका, बऱ्याचदा तिला चिकटून बसलेला कपॅसिटर तापत असतो आणि गरमी आयसीत पसरते. करंट कमी करून पुन्हा बघा, पहिला ठिपका कुठे उठतो ते.

तो पार्ट कपॅसिटर निघाला तर काढा, शॉर्ट गेला का बघा, डेड बोर्डवरून त्याच व्हॅल्यूचा लावा. कॉइल किंवा फ्यूज मात्र सिरीजमध्ये असतात, करंट त्यांच्यातूनच पुढे जातो, ते नुसते काढून चालत नाही. जळालेल्या फ्यूजच्या जागी वायर टाकून देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, फ्यूज उडाला म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट असण्याची शक्यता असते, ते आधी शोधा ना.

शेवटी बॅटरी जोडा, यूएसबी मीटरवर अँपिअर बघा आणि शील्ड, म्हणजे बोर्डवरचं पत्र्याचं झाकण, बसवायच्या आधी फोन थोडा वेळ चार्ज होऊ द्या, तीच जागा परत तापली तर काम अजून बाकी आहे.