जुना नीलम तपासायला नेण्याआधी

आजीच्या पेटीतला नीलमाचा दागिना तपासायला न्यायचं ठरलं की घरात कोणीतरी म्हणतंच, "आपला खडा काश्मिरी आहे म्हणे." या 'म्हणे'वर लगेच विश्वास ठेवू नका, पण ते उडवूनही लावू नका. घरात जे जे सांगतात ते आधी एका कागदावर उतरवून घ्या. दागिना कोणी घेतला, कुठे घेतला, साधारण कोणत्या साली, कोणाच्या लग्नात आला, मधे कधी मोडून पुन्हा घडवला का, हे सगळं लिहा. जुन्या फोटोंत तो कोणाच्या अंगावर दिसतो का, तेही बघा. माझ्या मावशीचं सासर रत्नागिरीचं. तिच्या अंगठीतला नीलम थिबा राजाकडचा, अशी त्या घराची पक्की समजूत. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि खर्च भागवायला त्याने जवळची रत्नं विकली, हे खरं आहे. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती, पण तिला आधार देणारा एकही कागद घरात नव्हता.

जुनी पावती सापडली तर तिच्यावरचं वजन नीट वाचा. आजचा कॅरट म्हणजे बरोबर ०.२ ग्रॅम. पण हे माप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलं आणि इंग्लंडने ते १९१४ मध्ये स्वीकारलं. त्याआधीचा इंग्रजी कॅरट किंचित जड होता, साधारण २०५ मिलिग्रॅमचा. त्यामुळे जुन्या पावतीवरचे १० कॅरट आज काट्यावर सव्वादहाच्या आसपास भरतात. काट्यावर खडा पावतीपेक्षा हलका भरला तर तो मधे कधीतरी घासला गेला असेल किंवा बदललाही असेल. पावतीवर रत्ती असेल तर कोणती रत्ती, हे त्या गावच्या जुन्या सराफाला विचारा, कारण रत्ती सगळीकडे सारखी नव्हती.

यानंतरची तयारी म्हणजे दागिन्याला काहीही न करणं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. न्यायच्या आदल्या दिवशी "जरा पॉलिश करून घेऊ" असं कोणाच्याही मनात येतं. जुन्या दागिन्यांत, आपल्या कुंदनकामात आणि इंग्लंडमधल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या बंद कोंदणातही, खड्याखाली रंग खुलवायला पातळ चकचकीत पत्रा घातलेला असतो. त्यात पाण्याचा थेंब शिरला की पत्रा काळा पडतो आणि त्याच्याबरोबर खडाही मेल्यासारखा दिसतो. मावशीच्या नणंदेच्या कुड्या एका दुकानात कंपनाच्या मशीनमध्ये धुवायला टाकल्या आणि दोन्ही खडे राखाडी होऊन परत आले. खडे तेच होते, खालचा पत्रा गेला होता. म्हणून मागून बंद असलेला दागिना फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसा. मागून उघडा असेल तर कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अंगठी बोटाला सैल असेल तरी आत्ता लहान करून घेऊ नका. डाक लावताना टाकणखार खड्याला लागला आणि त्यावर ज्योत आली, तर नीलमाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. खडा पुन्हा घासून चकचकीत करण्याची सूचना आली तर सरळ नाही म्हणा. घासताना वजन तर जातंच, शिवाय जुन्या हातच्या पैलूंचा पुरावाही जातो.

आता उगम. तो ठरवायला लागण्याआधी दागिन्याचं वय काढा, कारण नीलमाच्या बाबतीत साल हा फार चांगला साक्षीदार आहे. काश्मीरचा नीलम किश्तवाडच्या पाडर भागात, सुमजाम गावाच्या वर साडेचार हजार मीटरच्या आसपास, १८८१ च्या सुमारास दरड कोसळल्यावर उघडा पडला. काश्मीरच्या महाराजांनी तिथे पहारे बसवले. १८८७ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ला टूश तिथे पोचले तोवर मूळची जागा जवळजवळ रिकामी झाली होती. एवढ्या पाच-सहा वर्षांच्या मालावर काश्मिरी नीलमाचं सगळं नाव उभं आहे. म्हणून घडण १८५० ची आणि खडा काश्मिरी असं कोणी सांगितलं, तर खडा नंतर बसवलेला असणार. मादागास्करचा मोठा माल १९९० च्या दशकात बाजारात आला. तो खडा शंभर वर्षांच्या अंगठीत निघाला तर मूळचा खडा कुठे गेला, हा प्रश्न घरातच विचारावा लागेल. अमेरिकेतल्या मोंटानाच्या योगो खोऱ्यातले लहान, एकसारख्या रंगाचे खडे १८९५ नंतरचे. श्रीलंकेचा खडा मात्र कोणत्याही काळाच्या दागिन्यात शोभतो, कारण रत्नपुरा परिसरातल्या नद्यांच्या गाळातून नीलम शतकानुशतकं निघत आला आहे.

'जुना म्हणजे अस्सल' हे मात्र मनातून काढून टाका. वेर्नॉयच्या पद्धतीने भट्टीत बनवलेला निळा नीलम १९१० च्या सुमाराला आला आणि १९२०-३० च्या दागिन्यांतल्या चौकोनी बारीक खड्यांच्या पट्ट्यांत तो पुष्कळ सापडतो. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, वर गार्नेट या लाल खड्याचा पातळ तुकडा आणि खाली निळी काच असे जोडखडे चालत. त्याची एक तपासणी घरी करता येते. खडा तोंड खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा. कडेला लालसर वर्तुळ दिसलं तर तो जोडखडा.

मग रंग बघायला बसा. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर खडा ठेवा. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली तोच खडा पुन्हा बघा आणि दोन्ही वेळा काय दिसलं ते लिहून ठेवा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच नीलम छान दिसतात, तेव्हा खडा दाराबाहेर उजेडात नेऊ देत नसतील तर तिथे मत बनवू नका. व्यापारी 'कॉर्नफ्लॉवर ब्लू' म्हणतात, पण ते फूल आपल्याकडे किती जणांनी पाहिलं असेल? आपल्याला गोकर्ण आणि जवस पुरतात. चांगला काश्मिरी नीलम गोकर्णीसारखा भरदार निळा असतो आणि आतून अगदी पातळ धूसर असतो, मखमलीवर हात फिरवल्यावर दिसते तशी झाक. आतल्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून हे होतं, आणि त्यामुळेच तो दिव्याखालीही काळवंडत नाही. ब्रह्मदेशातल्या मोगोकचा नीलम अधिक गडद, रंगाने भरलेला, किंचित जांभळ्याकडे झुकणारा. श्रीलंकेचा जवसाच्या फुलाकडे जाणारा, उजळ, तेजाने जास्त बोलणारा. त्यातला रंग बऱ्याचदा एका जागी गोळा झालेला असतो. जुने कारागीर तो ठिपका खड्याच्या तळाशी येईल असा घाट देत, म्हणून वरून निळाभोर दिसणारा खडा बाजूने बघितला तर पाण्यासारखा फिका निघतो आणि पोटही मोठं असतं. ऑस्ट्रेलिया आणि थायलंडकडचे खडे ज्वालामुखीच्या खडकातून येतात आणि त्यांच्यात लोह जास्त असतं. ते शाईसारखे गडद, काही कडेने हिरवट आणि बल्बखाली जवळजवळ काळे दिसतात.

हे सगळं ओळख व्हावी म्हणून. रंगावरून उगम ठरवू नका. मादागास्करच्या काही खड्यांनी श्रीलंकेचं आणि काश्मीरचंही रूप इतकं हुबेहूब घेतलं आहे की नुसत्या डोळ्याने भले भले फसतात.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर आत डोकावा. आपल्याकडे नीलम बहुतेक वेळा शनीसाठी घेतला जातो, तीन रात्री उशाखाली ठेवून पारखला जातो, आणि त्या हिशेबात जाळं किंवा डाग म्हणजे दोष. जुन्या दागिन्याच्या हिशेबात ते उलटं आहे. बारीक सुयांचं अखंड रेशीम आत दिसलं तर खडा मोठ्या उष्णतेत तापवलेला नसण्याची शक्यता वाढते. फिका नीलम भट्टीत तापवून निळा करण्याचा धंदा १९७० च्या दशकात फोफावला. न तापवलेला जुना खडा त्यामुळेच आज जपला जातो. तेव्हा "आत खूप जाळं आहे, भाव येणार नाही" असं कोणी काउंटरवर म्हणालं तर तिथेच सौदा करू नका.

प्रयोगशाळेत जाताना तीन प्रश्न वेगवेगळे लिहून न्या: खडा नैसर्गिक आहे का, त्यावर प्रक्रिया झाली आहे का, उगम कुठला. मुंबईत आणि जयपूरमध्ये रत्नपरीक्षेच्या चांगल्या सोयी आहेत, पण उगमाचं मत देतात का आणि कोंदणातला खडा घेतात का, हे फोनवर आधी विचारा. कोंदणातून काढावा लागणार असेल तर जडावाचं काम जाणणाऱ्या कारागिराकडूनच आणि तुमच्या समोर काढून घ्या. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो, व्हर्निअरने लांबी-रुंदी, आणि वजनाची सही केलेली पोच. अहवालात उगम 'मत' म्हणून लिहिलेला असतो, आणि दोन नामांकित प्रयोगशाळांची मतं कधी कधी जुळत नाहीत. काश्मीर असं मत आलं तर दुसरं मत घेण्याचा खर्च करावाच. पण बाहेरदेशी पाठवण्याआधी थांबा. दागिना शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तो खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

भावाची अपेक्षाही आधीच घरी बोलून घ्या, म्हणजे अहवालाच्या दिवशी भांडणं होत नाहीत. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २७.६८ कॅरटचा काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख डॉलरना गेला, म्हणजे कॅरटला २ लाख ४० हजारांच्या वर. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हात श्रीलंकेचा ३९२.५२ कॅरटचा 'ब्लू बेल ऑफ एशिया' सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलरना विकला गेला. वजन चौदापट, तरी कॅरटचा भाव काश्मिरीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. पण हे शिखरावरचे खडे. फिका, तडा गेलेला काश्मिरी खडा चांगल्या श्रीलंकी खड्यापुढे मागे पडतो. म्हणून मी आधी रंग, मग न तापवलेला असणं, आणि त्यानंतर उगम असा क्रम धरते. दागिन्याची मूळ घडण शाबूत असेल तर तिची किंमत वेगळी काढायला सांगा. नुसतं सोनं वितळवून वजनावर हिशेब करणाऱ्याकडून उठून या.

मावशीचा खडा श्रीलंकेचा निघाला, न तापवलेला. अंगठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, मागून उघडी. रत्नागिरीच्या घरात दोन दिवस शांतता होती. मग मावशीच्या दिरांनी एक मुद्दा काढला: राजाच्या खजिन्यात श्रीलंकेचा खडा नसेलच कशावरून? त्यावर कोणाकडेच उत्तर नाही. अहवाल, मोजमापांचा कागद आणि पहिल्या दिवशी उतरवून घेतलेली घरची हकीकत असे तिन्ही कागद आता एका पाकिटात, अंगठीच्या डबीखाली ठेवले आहेत. अंगठी मात्र बहुतेक वेळ मावशीच्या बोटातच असते.